कोंबडी का कोकलते?

सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला परसातली एक कोंबडी कोकलायला लागते. तिचं ऐकून दुसरी, मग तिसरी. पाच-दहा मिनिटं हा कालवा थांबत नाही आणि शेजारच्या घराची खिडकी धाडकन बंद होते. खेड्यात याचं कुणाला काही वाटत नाही. शहराच्या कडेला, भिंतीला भिंत लागून घरं असलेल्या वस्तीत मात्र त्यावरून भांडणं होतात. मग सल्ले मिळतात: विकून टाका, अंधारात कोंडा, नाहीतर कापा. माझं स्पष्ट मत आहे की यातलं काहीही करण्याआधी ती काय सांगते आहे ते ऐकावं. कोंबडी विनाकारण ओरडत नाही, आणि कारण सापडलं की बराचसा आवाज आपोआप उतरतो.

सर्वांत जास्त गोंगाट अंड्याचा असतो. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडी घालते. तरी बहुतेक अंडी सकाळीच पडतात. अंडं घालायच्या आधी ती अस्वस्थ होते, आडोसा शोधत फिरते. मनासारखी जागा मिळाली नाही तर लांबलचक, कण्हल्यासारखा सूर काढते. नेदरलँड्सचे अभ्यासक या सुराला ‘गाकेल’ म्हणतात. दाणा, पाणी किंवा लोळायला माती मिळाली नाही तरी कोंबडी हाच सूर काढते, असं त्यांना आढळलं. म्हणजे ही तक्रार आहे आणि ती दूर करता येते. चार-पाच कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक खोकं हवं, फूटभर लांब-रुंद, आत अंधार आणि कोरडा पेंढा. खोकी तीन असूनही सगळ्या एकाच खोक्यापाशी रांग लावून ओरडत असतील, तर उरलेल्या दोनमध्ये उजेड जास्त येतो का, पेंढा ओला झालाय का, पिसवा झाल्यात का ते पाहा. सकाळचा अर्धा कलकलाट या रांगेचाच असतो.

अंडं घातल्यानंतरचं कोकलणं मात्र थांबवता येत नाही. रानकोंबडी अंडी घालायला कळपापासून दूर जाते. हा आवाज तिला पुन्हा कळपाशी जोडून देतो, असं बरेच अभ्यासक मानतात. पाळीव कोंबडीने ती सवय सोडलेली नाही. हा आवाज थोडा वेळ चालतो आणि विरतो. शेजाऱ्यांना तेवढं आधीच सांगून ठेवावं.

याच्याशी गल्लत होणारे आवाज धोक्याचे असतात. संशोधक पीटर मार्लर, ख्रिस्तोफर इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर कोंबड्यांना डोक्यावरच्या पडद्यावर शिकारी पक्ष्याचं चित्र दाखवलं, तेव्हा त्या नरांनी बारीक, लांब किंकाळी काढली. जमिनीवरून येणारा प्राणी दाखवला तेव्हा तुटक, धारदार कॉक-कॉक केलं. आपल्याकडे पहिला आवाज घार किंवा शिक्रा दिसल्यावर येतो, दुसरा मुंगूस, साप किंवा भटकं कुत्रं आल्यावर. दुसरा आवाज अंड्याच्या कोकलण्यासारखाच वाटतो, म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि पिल्लं गमावतात. वर जाळं आणि अंगणात दडायला दाट झुडूप असलं की घारीची भीती कमी होते. रात्री कोंबड्या गप्पच असतात. त्या वेळी खुराड्यातून आवाज आला तर बॅटरी घेऊन लगेच बाहेर पडा. आत उंदीर असेल, नाहीतर साप.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीची गुरगुर वेगळी. ती पिसं फुलवून खोक्यात ठाण मांडते, जवळ गेलं की टोचते आणि खोकं अडवल्यामुळे बाकीच्या ओरडतात. पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली फलित अंडी ठेवा, २१ दिवसांत पिल्लं निघतील. नको असतील तर जमिनीपासून उचललेल्या, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पुरेपूर द्या. पोटाला खालून वारा लागला की खुडूकपणा बहुधा मोडतो. पाण्यात बुचकळणं, उपाशी ठेवणं हे निव्वळ हाल आहेत, ते करू नयेत.

कधी कोंबडी चक्क आरवते. आपल्याकडे तो अपशकुन मानून तिच्या मानेवर सुरी फिरवतात. कोंबडीचा फक्त डावा बीजांडकोश काम करतो. तो आजाराने निकामी झाला तर उजवीकडचा अर्धवट अवयव वाढतो आणि नराचं संप्रेरक बनवू लागतो. तुरा मोठा होतो, आरवणं सुरू होतं. अशी कोंबडी आजारी असू शकते, अशुभ नव्हे. घशातली घरघर आणि शिंका याही आजाराच्याच खुणा; तिथे पशुवैद्य हवा, आणि मानमोडीची लस वेळेवर टोचलेली हवी.

भांडणाचं मूळ पुष्कळदा कोंबडाच असतो. जपानच्या नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की मंद उजेडात ठेवलेला कोंबडाही अंगातल्या घड्याळानुसार पहाटे आरवतो. त्यामुळे डालग्याखाली झाकून फारसं काही साधत नाही. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते, ती पिल्लांसाठी असते. दाट वस्तीत कोंबडा पाळू नये, हे माझं ठाम मत.

ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. म्हणून सकाळी सहापर्यंत खुराडं बंद ठेवावं. पालिकेचा किंवा सोसायटीचा वेगळा नियम असेल तर कोंबड्या आणण्याआधीच विचारून घ्या. आणि आवाज वाढला तर विकायचा विचार करण्याआधी एका सकाळी तासभर खुराड्याजवळ बसा, कोण, कुठे, कशानंतर ओरडते ते पाहा.