हूतुंग
हूतुंग : चीनची राजधानी बीजिंग (पूर्वीचे पीकिंग) येथील जुन्या अरुंद गल्ल्या व त्यांच्या दुतर्फा असलेली पारंपरिक वस्ती. कूब्लाईखानाने १२६७ मध्ये बांधावयास घेतलेल्या दादू या युआन राजधानीच्या आखणीत या गल्ल्यांचे मूळ आढळते. मिंग व चिंग राजवटींत त्यांची संख्या वाढली. ‘विहीर’ या अर्थाच्या मंगोल शब्दावरून ही संज्ञा आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

बहुतेक हूतुंग पूर्व-पश्चिम असून त्यांचा घरांच्या रचनेशी निकटचा संबंध आहे. ‘सहयुएन’ या घरात मधल्या चौकाच्या चारही बाजूंना प्रायः एकमजली दालने असतात. उत्तरेकडील मुख्य दालन दक्षिणाभिमुख असल्याने हिवाळ्यात ऊन मिळते आणि थंड वाऱ्यास पाठ राहते. हे दालन कुटुंबातील वडीलधाऱ्यांचे, तर बाजूची मुलांची असत. प्रवेशद्वार बहुधा आग्नेय कोपऱ्यात असून आतील आडभिंतीमुळे घराचा खाजगीपणा जपला जाई.

वास्तुविशारद ल्यांग सछंग व नगररचनाकार छन जानश्यांग यांनी १९५० मध्ये नवे प्रशासकीय केंद्र जुन्या शहराच्या पश्चिमेस उभारण्याची सूचना केली होती. ती अमान्य झाली. वाढत्या लोकसंख्येमुळे एका कुटुंबाच्या चौकात अनेक कुटुंबे राहू लागली. १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर चौकांत उभारलेले अनेक तात्पुरते निवारे पुढे कायमचे झाले. १९९० नंतर रुंद रस्ते व उंच इमारतींसाठी असंख्य हूतुंग पाडण्यात आले. खुद्द ल्यांग यांचे जुने निवासस्थानही २०१२ मध्ये जमीनदोस्त झाले.

वू ल्यांगयुंग यांनी १९८७ पासून ज्यूअर हूतुंगमध्ये चौकाची कल्पना कायम ठेवून बहुमजली घरे बांधली व काही मूळ रहिवाशांना तेथेच सामावून घेतले. २००२ मध्ये जुन्या शहरातील २५ ऐतिहासिक विभागांची संरक्षणयोजना आखण्यात आली. २०१७ च्या नगरविकास आराखड्याने जुन्या शहरातील पाडकाम थांबविण्याचे धोरण स्वीकारले.

नानल्वोगूश्यांगसारख्या गल्लीत आज पर्यटक व दुकानांची गर्दी असते. इतरत्र अनेक घरांत स्वतंत्र शौचालय नसल्याने रहिवासी सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून असतात. सोयींअभावी कित्येकांना नव्या सदनिका इष्ट वाटतात, तर कित्येकांना शेजार सोडवत नाही. रहिवासी स्थलांतरित झाल्यास भिंती टिकल्या, तरी वस्ती टिकत नाही. म्हणून हूतुंगांचे जतन हा वास्तुरक्षणाइतकाच गृहनिवसनाचाही प्रश्न ठरतो.