परसदारचा आडोसा

परसांत आडोशासाठीं कोणतें झाड लावावें, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. परंतु विहीर, न्हाणी आणि वाळवण हीं सारीं परसांतच असल्यामुळें घरांतील स्त्रियांचा मोकळेपणा पुष्कळसा त्यावर अवलंबून असतो. महाडजवळील सव गांवीं तर उष्ण पाण्याच्या झऱ्यांवर स्नानासाठीं परगांवचे लोकही येतात. उंच भिंत घालावी, तर वारा अडून वैशाखांत परस भट्टीसारखें तापतें. तेव्हां झाडच हवें. तेंही बारमास हिरवें, बुडापासून फांद्या असलेलें आणि आवाक्यांत राहणारें.

किनाऱ्यावरील आवारांसाठीं सुरू लावण्याची चाल आहे. पण सव हें कोंकणांत असलें तरी समुद्रकांठीं नव्हे, सावित्रीकांठीं आहे. येथें खाऱ्या वाऱ्यापेक्षां पावसाचा व पुराचा जाच अधिक. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानें रायगड जिल्ह्यांतील माड-पोफळी आडव्या केल्या, आणि जुलै २०२१ च्या महापुरांत महाड बुडालें. हें पाहिल्यावर कौलांशेजारीं सुरूसारखें उंच झाड कोणी लावूं नये. बंगल्यांभोंवतीं रांगेनें दिसणारा उभा अशोकही शेवटीं छपराच्या वर जातोच.

लवकर वाढते म्हणून पुष्कळजण कण्हेर लावतात. फूल देवास चालतें हें खरें. पण तिचें सर्वांग विषारी आहे, आणि पिवळ्या कण्हेरीची बी तर प्राणघातक. ज्या घरांत रांगतीं मुलें आहेत व दारीं गाय आहे, तेथें तिला थारा नसावा, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमची निवड रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या झाडाची. तें आपल्याच रानांतलें आहे. त्याचा घाट निमुळता, फांद्या खालीं झुकणाऱ्या, पानें दाट व सदा हिरवीं. कोंवळी पालवी तांबूस निघते तेव्हां तें फार शोभतें. बीपासून केलेल्या रोपांत नर-मादी निरनिराळीं निघतात, म्हणून फळांसाठीं बाग करणारा कलमेंच पसंत करतो. दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोंकण अमृता’ ही जात त्यासाठीं प्रसिद्धच आहे. पण कलम बहुधा आडवें पसरतें. रोप सरळ वाढतें. आडोशाला नरही मादीइतकाच उपयोगी! यास्तव रांगेंत रोपें लावावींत, आणि घरच्या आमसुलांपुरतें एखादें कलम कोंपऱ्यांत असावें. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकतें. पावसापूर्वीं सोलें वाळवून झालीं कीं वर्षाच्या आमटीची व सोलकढीची चिंता मिटली. बियांतून निघणारें घट्ट तेल टांचांच्या भेगांवर लावतात, हें आजीबाईंना सांगावयास नकोच.

दोन रोपांत सहा-सात हात अंतर ठेवावें. पाणी तुंबतें तेथें मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावें, व पहिले दोन उन्हाळे सावली आणि पाणी द्यावें. खालच्या फांद्या मात्र तोडूं नयेत. झाडून घेण्यास अडचण होते म्हणून गडीमाणसें नेमक्या त्याच छाटतात, आणि मग उरतो नुसता बुंधा. हवी तेवढी उंची झाली कीं शेंडा खुडावा.

रातांबा सावकाश वाढतो, हा त्याचा एक दोष. तोंवर बाहेरच्या बाजूनें झावळ्यांचा कूड घालावा आणि त्याला लागून जास्वंदीच्या फांद्या खोंचाव्या. मृगाच्या पावसांत त्या सहज जीव धरतात.