पिशवीचा काय दोष?

बाई दवाखान्यात येते ती कंबर दुखते म्हणून. गोळ्या लिहून होतात, ती दारापर्यंत जाते आणि परत फिरून हळूच म्हणते, "खाली काहीतरी आल्यासारखं वाटतं."

याला मराठीत सरळ शब्द आहे, अंग बाहेर येणे. कुणी 'पिशवी उतरली' म्हणतं. हा दुसरा शब्दप्रयोग मला खटकतो, कारण पिशवी उतरली म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: काढून टाका.

वास्तविक सैल होतो तो पिशवीचा आधार. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर विसावतात, शिवाय बाजूंनी बंध त्यांना धरून ठेवतात. बाळंतपणात ही झोळी कमालीची ताणली जाते, कधी हाडापासून सुटतेही. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढतं वजन, वर्षानुवर्षं उचललेले हंडे आणि पाळी गेल्यावर पातळ झालेल्या ऊती यांची भर पडते. पुष्कळदा बाहेर डोकावते ती पिशवी नसतेच. तो योनीचा पुढचा पडदा असतो आणि त्याच्या मागे मूत्राशय असतं. म्हणून तर लघवी अडते, पुन्हापुन्हा लागते. मागचा पडदा सैल झाला असेल तर शौचाला बोटाने आधार द्यावा लागतो, आणि हे बाई नवऱ्यालाच काय, बहिणीलाही सांगत नाही. पिशवी काढली तरी झोळी तशीच राहते, मग काही वर्षांनी योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो.

न सांगण्याची ही सवय किती खोल आहे, ते डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत पाहिलं. त्यांचा अभ्यास 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तपासलेल्या 650 बायकांपैकी 92 टक्के जणींना काही ना काही स्त्रीरोग आढळला, पण त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के.

सकाळी बरं, संध्याकाळी जड, ही या दुखण्याची खूण. त्यामुळे सकाळी आडवं झोपवून तपासलं तर काही दिसलं नाही, असंही होतं. तेव्हा "खोकून दाखवू का, उभी राहू का?" असं आपणच विचारावं.

हा कर्करोग नव्हे आणि जिवावरचंही सहसा नसतं. पण लघवी पूर्ण अडली किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाने खरोखर फरक पडतो. चारचौघांत वायू रोखताना जे स्नायू आपण आत ओढतो, तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे आणि पूर्ण सोडायचे. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या ताणायच्या नाहीत. लघवी करताना सराव करू नये. दिवसातून तीनदा, निदान चार महिने. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडणाऱ्याच जास्त! फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेतलेलं बरं, कारण अनेक जणी आत ओढण्याऐवजी खाली जोर देतात. कळशी उचलताना श्वास सोडावा.

शस्त्रक्रिया म्हणजे पिशवी काढणंच, असंही नाही. गोव्यात जन्मलेले मुंबईचे डॉ. वि. ना. शिरोडकर गर्भाशयाच्या तोंडाला घालायच्या टाक्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. पण तरुण बायकांची पिशवी न काढता ती पट्टीने वर बांधून घेण्याची शस्त्रक्रियाही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आजही "पिशवी ठेवून होईल का?" हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा उपाय म्हणजे रिंग. सिलिकॉनची ही मऊ कडी योनीत बसवली की आतले अवयव वर तोलले जातात. ती घालून चालता येतं, शेतात वाकता येतं, एसटीचा लांबचा प्रवास करता येतो. बऱ्याच जणी ती स्वतः काढून, धुऊन पुन्हा बसवायला शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांनी काही महिन्यांनी दवाखान्यात जाऊन ती साफ करून, आत जखम नाही ना हे बघून घ्यायचं. पहिलं माप अनेकदा चुकतं. कडी निसटते किंवा टोचते. तेव्हा दुसऱ्या मापाची मागून घ्यायची.