खांदेरीचा संग्राम व शिपायाचें भय

खांदेरीच्या संग्रामाचा राजकीय वृत्तांत पुष्कळांनीं लिहिला आहे. आम्हांस येथें त्याच्या एका उपेक्षित अंगाचा विचार कर्तव्य आहे. लढाईच्या तोंडीं उभ्या असलेल्या नवख्या शिपायाच्या मनांत 'आपल्या हातून हें निभेल काय?' अशी जी शंका उठते, तिचा माग या प्रसंगांत लागतो काय, हा तो प्रश्न होय. कागद लिहिले ते मुत्सद्द्यांनीं व सरदारांनीं. शिपायाचें मन त्याच्या कृतीवरूनच ओळखलें पाहिजे.

थळच्या किनाऱ्यासमोरील या बेटावर मायनाक भंडारी यानें इ. स. १६७९ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धांत शिवछत्रपतींच्या आज्ञेनें तटाचें काम चालविलें. मुंबई बंदराच्या तोंडाशीं मराठ्यांचें ठाणें होणें इंग्रजांस परवडणारें नव्हतें. त्यांनीं गलबतें पाठवून बेटाची नाकेबंदी केली. इंग्रजांच्या जुन्या कालगणनेप्रमाणें ता. १९ सप्टेंबर रोजीं लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प थोड्या लोकांनिशीं बेटावर उतरूं लागला व मारा होऊन ठार झाला. तो मद्याच्या अंमलाखालीं होता असें इंग्रजच सांगतात. नशेचें हें साहस व भय यांत अंतर फारसें नाहीं. इतरांस मात्र पुढें महिनाभर, शुद्धीवर राहून, त्याच बेटासमोर नाकेबंदी चालवावी लागली.

ता. १८ ऑक्टोबर रोजीं दौलतखानाचें आरमार इंग्रजांच्या आठ जहाजांवर इतक्या वेगानें चालून आलें कीं, त्यांस नांगर उचलण्यासही अवधि मिळेना. अर्ध्या तासाच्या आंत डव्ह नामक गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. तें पाहून पांच लहान जहाजें दूर सरलीं. रिव्हेंज जहाज एकटें उरलें. परंतु त्यावर मिंचिन व केग्विन हे दोघे ठाम होते. त्यांच्या तोफांपुढें मराठ्यांचीं कांहीं गलबतें बुडालीं व उरलेलीं नागोठण्याच्या खाडींत शिरलीं.

येथें उतावीळ वाचक रिव्हेंजवरील लोकांस शूर व इतरांस भेकड म्हणून मोकळा होईल. आम्हांस तें मान्य नाहीं. पळालेले व टिकलेले इंग्रज एकाच फौजेंतले होते. भेद होता तो इतकाच कीं, एकांस डोळ्यांसमोर निशाण उतरलेलें दिसलें, दुसऱ्यांस डोळ्यांसमोर न डळमळणारा नायक दिसला.

मराठ्यांचीही गोष्ट तीच. गलबत सखल, उघडें. उंच जहाजाच्या तोफांखालीं त्यांतील कोळी-भंडारी तरुणाचा धीर सुटला तर नवल नाहीं. पण त्याच आरमारानें पुढें रात्रीच्या अंधारांत, ओळखीच्या पाण्यांतून, नाकेबंदी चुकवून बेटावर रसद पोंचविली. दिवसा माघार घेणारांस रात्रीं आपलें सामर्थ्य कशांत आहे तें गवसलें. अखेर जानेवारी १६८० मध्यें इंग्रजांनीं तह केला व खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

तात्पर्य, भय हा शिपायाचा स्थायी गुण नव्हे. ती प्रसंगाची अवस्था आहे. शेजारी कोण उभा आहे व आपल्यास जमणारें काम हातीं आहे कीं नाहीं, यावर ती टिकते किंवा ओसरते. एका दिवसाच्या पळावरून माणसाची किंमत ठरविणें इतिहासकारानें टाळावें, असें आमचें मत आहे.