बलाढ्यांची आघाडी का अडखळते?

मोठमोठ्या देशांनी एकत्र येऊन एखाद्या छोट्या देशाला दम भरला, तर तो लगेच हात टेकेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तसं सहसा घडत नाही. १९९९ सालचं कोसोव्होचं युद्ध आठवून पाहा.

कोसोव्हो तेव्हा सर्बियाचा प्रांत होता. तिथल्या बहुसंख्य अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवा, असं ‘नाटो’नं युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष स्लोबोदान मिलोसेविच यांना बजावलं. फ्रान्समध्ये राम्बुए इथं झालेली बोलणी फिसकटली आणि २४ मार्चला बॉम्बफेक सुरू झाली. एकीकडे अमेरिकेसह १९ देश, दुसरीकडे सुमारे एक कोटी वस्तीचा एकटा देश. चार-सहा दिवसांत काम होईल, असा अनेकांचा होरा होता. लागले ७८ दिवस!

धमकी परिणामकारक व्हायची तर नुसती ताकद पुरत नाही. ती शेवटपर्यंत वापरली जाईल, हे समोरच्याला पटावं लागतं. इथंच आघाडीचं घोडं अडतं. नाटोमध्ये निर्णय एकमतानं होतात. आपल्याकडे १९ बिऱ्हाडांचं इमारतीच्या रंगावर एकमत होत नाही; इथं तर बॉम्ब कुठे टाकायचे, हे ठरवायचं होतं. ग्रीसमधलं जनमत हल्ल्यांच्या विरोधात होतं. विमानं इटलीच्या तळांवरून उडत होती, पण बॉम्बफेक काही काळ थांबवावी, असा सूर तिथल्याच सरकारनं पुढे लावला. हंगेरीला नाटोत येऊन जेमतेम १२ दिवस झाले होते. त्यातच, कोसोव्होत लढायला पायदळ पाठवण्याचा इरादा नाही, असं अध्यक्ष क्लिंटन यांनी पहिल्याच रात्री जाहीर करून टाकलं. शत्रूला आपले पत्ते दाखवण्याचाच हा प्रकार!

मिलोसेविच यांना नाटोला हरवायचं नव्हतं, फक्त तिच्यात फूट पडेपर्यंत तग धरायचा होता. आपले वैमानिक गमावू नयेत म्हणून विमानं सुरुवातीला १५ हजार फुटांवरून उडत. तेवढ्या उंचीवरून, गावात शिरून लोकांना हुसकावणाऱ्या टोळ्या कशा थांबणार? आठ लाखांहून अधिक अल्बेनियन देशोधडीला लागले.

पण त्याच लोंढ्यांनी मिलोसेविच यांचं गणित चुकवलं. निर्वासितांचे हाल घरोघरी टीव्हीवर दिसू लागल्यावर कोणत्याच सरकारला माघार घेणं शक्य राहिलं नाही. ७ मे रोजी बेलग्रेडमधल्या चिनी वकिलातीवर बॉम्ब पडले, तरी आघाडी फुटली नाही. वीजकेंद्रं आणि पूल लक्ष्य होऊ लागले, पायदळाचीही भाषा सुरू झाली. ज्या रशियावर भिस्त होती, त्याचेच दूत चेर्नोमिर्दिन फिनलंडच्या अध्यक्षांसह अटी घेऊन आले. ३ जूनला मिलोसेविच यांनी त्या मान्य केल्या. यांतलं नेमकं कशामुळे ते नमले, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

अर्थात, त्यांनी मान्य केलेल्या अटी राम्बुएच्या नव्हत्या. सगळ्या युगोस्लाव्हियात नाटोच्या फौजांना मुक्त संचार देणारं कलम त्यातून गळालं होतं आणि कोसोव्होचा कारभार संयुक्त राष्ट्रांकडे जाणार होता.