टक-टक येते कुठून?

दुरुस्तीहून आलेली मोटार नवाच आवाज करू लागली, तर तुम्ही काय कराल? तर्क लढवण्याआधी नीट ऐका आणि मोजा.

२००६ सालातली गोष्ट. लालबागला मी एका काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसलो. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या या गाड्या तेव्हा मुंबईत जागोजागी दिसत; शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. गर्दीतून गाडी हळूहळू निघाली आणि मागून टक-टक ऐकू येऊ लागली.

"परवा ब्रेकचं काम केलं, तेव्हापासून हे सुरू झालंय," चालककाका म्हणाले. "आता म्हणतात, गिअरबॉक्स उतरवा. म्हणजे तीन दिवस धंदा बंद!"

गंमत अशी, की चौपाटीच्या मोकळ्या रस्त्यावर गाडीने वेग घेताच आवाज नाहीसा झाला. गिरगावातल्या एका गल्लीत गाडी वळली, वेग मंदावला, आणि टक-टक पुन्हा हजर!

आम्ही गाडी थांबवली. उभ्या गाडीचे इंजिन जोरात फिरवून पाहिले; आवाज नाही. म्हणजे इंजिन निर्दोष. मग मागच्या डाव्या चाकावर खडूने खूण केली. काकांनी गाडी माणसाच्या चालीने पुढे घेतली आणि मी शेजारून चालू लागलो. खुणेचा एक फेरा झाला, की एक 'टक'. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा लांब दांडा चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे चार वेळा फिरतो. दोष तिकडे असता, तर एका फेऱ्याला चार 'टक' ऐकू आले असते. तेव्हा दोष चाकातच!

चाकाची चकचकीत टोपी पान्याने उचकटली. आतून चाक आवळायचा एक बोल्ट टपकन खाली पडला. चाक काढताना ही टोपी उताणी ठेवून तिच्यात बोल्ट टाकण्याची अनेकांना सवय असते. एक बोल्ट आतच राहिला आणि टोपी तशीच बसवली गेली. काकांचा चेहरा उतरला. दोन दिवस एक बोल्ट कमी असलेल्या चाकावर ते प्रवासी नेत होते!

पण वेग वाढल्यावर आवाज का थांबे? टोपीबरोबर बोल्ट वर चढतो आणि गुरुत्वामुळे खाली आपटतो. मात्र वर्तुळात फिरण्यासाठी लागणारे त्वरण, म्हणजे v²/r, गुरुत्व त्वरणापेक्षा (g) जास्त झाले, की बोल्ट माथ्यावरही कडेला चिकटून राहतो. टोपीची त्रिज्या १० सें.मी. धरली, तर त्यासाठी सेकंदाला सुमारे १.६ फेरे हवेत. चाकाचा परीघ सुमारे १.८ मीटर, म्हणजे गाडीचा वेग सेकंदाला २.९ मीटर, ताशी सुमारे १० कि.मी. त्यापुढे टक-टक बंद! आवाज थांबला म्हणजे दोष गेला असे नव्हे, हे ध्यानात ठेवा.

हाच नियम तुम्हीही पडताळा. मोकळ्या मैदानात छोट्या बादलीत थोडे पाणी घेऊन ती उभ्या वर्तुळात फिरवा. त्रिज्या एक मीटर असेल, तर एका फेऱ्याला दोन सेकंदांहून कमी वेळ लागला पाहिजे. हात मंदावला, तर काय होईल? उत्तर तुमच्या डोक्यावर पडेल!