दोन कवाडांचे दार

भोपाळच्या जुन्या तटबंदीला जे दरवाजे होते, त्यांपैकी इतवारा, बुधवारा, जुमेराती ही नावे आजही वस्त्यांच्या रूपाने आपल्या तोंडी आहेत. वेशीचा दरवाजा काय किंवा वाड्याचा महादरवाजा काय, तो बहुधा दोन कवाडांचाच असावयाचा. हे केवळ शोभेसाठी करीत असावेत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. आमच्या घराचे बाहेरचे दार मी स्वतः बसविले, तेव्हा ती दूर झाली.

विद्यार्थी मित्रहो, थोडे गणित करून पाहा. एक घनमीटर सागाचे वजन साधारण 650 किलो भरते. 90 सेंटिमीटर रुंद, 2 मीटर उंच व 3 सेंटिमीटर जाड असे एकसंध दार सुमारे 35 किलोंचे होईल. हे वजन दाराच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून 45 सेंटिमीटरांवर, एकवटले आहे असे समजा. वरच्या व खालच्या बिजागरीत दीड मीटर अंतर असल्यास वरच्या बिजागरीवर 35 × 45 ÷ 150, म्हणजे साडेदहा किलोंची ओढ पडते. आता त्याच दाराची दोन कवाडे करा. वजन निम्मे, अंतरही निम्मे. म्हणून ओढ चौथाईवर, सुमारे 2.6 किलोंवर येते!

परंतु या सोयीची किंमत चौकट बसविताना मोजावी लागते. भिंतीतील जागा चौकटीहून चहूबाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर मोठी ठेवावी व त्या फटीत लाकडी पाचरी सारून चौकट सरळ करावी. उंब्यावर पाणसळ ठेवावी, उभ्या बाजूंना ओळंबा लावावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ज्या समांतरभुज चौकोनाचे कर्ण समान तो आयत, हे प्रमेय भूमितीच्या तासाला मला निरुपयोगी वाटत असे. एवढ्याने एका कवाडाचे दार निभावून जाते, दोन कवाडांचे नाही. डावा खांब वरच्या टोकाला 5 मिलिमीटर आत झुकला आणि उजवा तितकाच बाहेर, तर दोन्ही कवाडे मध्ये भेटताना वरच्या बाजूला एक सेंटिमीटर पुढेमागे राहतात. ही पीळ नुसत्या डोळ्याला दिसत नाही. तिला उपाय दोन दोऱ्यांचा. चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणून बांधाव्यात. मध्ये त्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करतील, तर चारही कोपरे एका प्रतलात आहेत. त्यानंतरच चौकटीतून भिंतीत लांब स्क्रू पिळावेत, आणि तेही पाचरीच्या जागीच, म्हणजे चौकट वाकत नाही. या कामी आमच्या कन्येची नजर माझ्यापेक्षा तीक्ष्ण ठरली.

दार बसले मे महिन्यात. दोन कवाडांमधून पोस्टकार्डही जाऊ नये इतका सांधा घट्ट! येणाऱ्याजाणाऱ्यास मी तो मुद्दाम दाखवीत असे.

जुलैत चार दिवस झड लागली. एके दुपारी आई घरात एकटी होती. तिने आतून कडी काढली, पण दार तसूभरही हलेना. मी परतलो तेव्हा ती खिडकीचे गज धरून उभी होती. आवाज शांत होता, हात मात्र थरथरत होते. शेजारच्या मिस्त्रींनी व मी खांदा लावून दार आत लोटले, त्याला अर्धा तास लागला. त्या वेळी स्वयंपाकघरात आग लागली असती तर?

लाकूड हवेतील ओलावा शोषून फुगते. पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत मात्र फुगते. नर्मदेपलीकडचे बोरीचे सागवन 1865 साली राखीव झाले, इतका या लाकडाचा लौकिक. साग इतर लाकडांहून कमी फुगतो, परंतु फुगतोच. 45 सेंटिमीटरांचे कवाड शेकडा एक फुगले, तरी दोन्ही मिळून 9 मिलिमीटर झाले. त्यातून मी आणखी एक चूक केली होती. रंग दर्शनी बाजूंना दिला, कवाडांच्या वरच्या व खालच्या कडा कोऱ्याच ठेवल्या. लाकूड पाणी सर्वांत अधिक पिते ते नेमके तेथून, कारण तंतूंची तोंडे तेथेच उघडी असतात.

मिस्त्रींनी मला भर पावसात भरमसाट रंधा मारू दिला नाही. दार उघडमीट होईल इतकेच तासले. उरलेले काम हिवाळ्यात, लाकूड सुकल्यावर केले. तेव्हा कवाडे उतरवून कडांना तीन हात रंग दिला. आधी लावावयाच्या कवाडाला वरखाली खिट्ट्या बसविल्या आणि त्याच्याच कडेला बाहेरून एक पट्टी ठोकली. त्यामुळे उन्हाळ्यातील फट झाकली जाते व पावसाचे तुषारही अडतात.

आता मे महिन्यात त्या पट्टीमागे रुपयाची तीन नाणी सहज सरकतात. श्रावणात एकही जात नाही, पण दार आईच्या एका हाताने उघडते. पाऊस लागला की ती रोज सकाळी एकदा ते उघडून पाहते.